सुरक्षित नाही

इरिया म्हणाली, आधी नाव.
मी म्हटलं, सरळ लिही : चावी.
या शब्दाला आमच्या जहाजांनी
कुठल्या कुठल्या किनाऱ्यांवर उतरवलं म्हणतात,
तिथल्या बायका अजून कमरेला खोचून हिंडतात त्याला.
इथे मात्र तो गेलेला.
पोर्तोतल्या कुणीतरी बावीस वर्षांपूर्वी घेऊन ठेवलाय,
विकत काही नाही, उघडत काही नाही,
नुसता धरून बसलाय.

झेफेरिनो? तेही गेलं. ब्राझीलचा कुणी दंतवैद्य.
शेवटी दोघांच्या मध्ये एक आडवी रेघ घातली
आणि जमलं,
कानशीची एक ओढ जास्त दिल्यावर
अडलेली किल्ली गर्रकन फिरावी तसं.

किती वर्षांसाठी? तिने विचारलं.
एक, तीन, पाच, दहा. दहाला सवलत आहे.
मी चष्मा पुसला.
ती औषधवाल्याची मुलगी, माझ्या गोळ्या तिला पाठ,
सकाळच्या कुठल्या, रात्रीच्या कुठल्या.
ती पडद्याकडेच बघत राहिली.
तीन, म्हटलं.
तीनवर टिचकी वाजली.

मग कळलं, नाव म्हणजे नुसती पाटी.
दुकान निराळं. ते हॉलंडात कुठेतरी,
थंड खोलीत, भाड्याच्या यंत्रात.
आणि पाटीला दुकानाचा पत्ता शिकवायचा :
चार आकडे, मध्ये ठिपके.
जगभर पोचायला अठ्ठेचाळीस तास लागू शकतात, इरिया म्हणाली.
मी हसलो.
तोमारात कुणाचं दार रात्री कुणी वाजवलं
हे कळायला बेकरी उघडेपर्यंतचा वेळ पुरतो.

तेवढ्यात मी नाव घालून बघितलं.
माझ्या नावाखाली लिस्बनच्या एका कंपनीची जाहिरात :
बोट लावा, दार उघडा, चावी विसरा.
दोन दिवस मी माझ्याच नावाच्या उंबऱ्यावर
त्यांचा माल विकत उभा.

तिसऱ्या दिवशी पान उजाडलं.
पांढरं. वर दुकानाचा फोटो, जरा तिरका.
खाली मी सांगितलेल्या ओळी :
किल्ल्या करून मिळतील.
अडकलेली दारं उघडून मिळतील.
दार आपलंच असल्याचा पुरावा आणावा.
ही तिसरी तिला काढायची होती. मी काढू दिली नाही.

आणि वर, नावाच्या डावीकडे, करड्या अक्षरांत :
सुरक्षित नाही.

चव्वेचाळीस वर्षं.
नगरपालिकेची तिजोरी, मठाचं मागचं दार,
तुरुंगातून सुटलेल्या फौस्तिनोने स्वतः येऊन
माझ्याकडून बसवून घेतलेला अडसर.
कुणी म्हटलं नव्हतं मला असं.

अगं, एक प्रमाणपत्र राहिलंय फक्त, ती स्वतःशीच पुटपुटली,
आणि चहा निवायच्या आत
त्या अक्षरांच्या जागी एक कुलूप आलं. तांदळाएवढं.
मी भिंग काढलं, घड्याळाच्या कुलपांसाठी ठेवलेलं.
कडी होती. पोट होतं.
किल्लीचं भोक नव्हतं.

याची किल्ली कुणाकडे?
अर्धी यंत्राकडे, ती म्हणाली, अर्धी येणाऱ्याकडे,
आणि दर नव्वद दिवसांनी स्वतःच बदलते. फुकट.
फुकट म्हटल्यावर मी भिंग पेटीत ठेवलं.

पहिला निरोप त्याच रात्री आला.
कात्र्यांना धार लावता का?
लावत नाही. पण इरियाला म्हटलं, लिही, लावतो.

आठला शटर ओढलं. कुलूप घातलं.
सवयीने दोनदा हिसडून पाहिलं,
चार पावलं जाऊन, परत येऊन, तिसऱ्यांदा.
पुलावर नदीचा गार वारा होता.
फोन काढला.
पान तसंच, दिवा चालू, फोटो तिरका, दार उघडं.

इरियाला फोन केला. ती जेवत होती.
विचारलं, रात्री हे बंद कोण करतं?